शाळा बंद असतां मुलांच्या अन्नाची तरतूद

दुष्काळनिवारणास हातभार लावणारे पुष्कळ सद्गृहस्थ विचारतात कीं, "मुलांस दुपारचें जेवण सरकार शाळेंतच देतें, मग त्यांसाठीं निराळी वर्गणी कशास?" प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर कायद्यांतील एका अटींत आहे, व ती अट व्यापारी आणि जमीनदार मंडळींनीं खरेदीखतांतील अटीप्रमाणें बारकाईनें वाचावी, अशी विनंती आहे.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३, याच्या पांचव्या कलमान्वयें सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांतील आठव्या इयत्तेपर्यंतच्या मुलांस एक वेळचें जेवण विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. पहिली ते पांचवीच्या मुलास ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिनें, आणि सहावी ते आठवीच्या मुलास ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिनें, असें त्याचें प्रमाण आहे. परंतु हा हक्क शाळेच्या सुटीचे दिवस वगळून दिलेला आहे. (सहा वर्षांखालील बालकांस अंगणवाडीमार्फत द्यावयाच्या आहारास मात्र ही अट घातलेली नाहीं.)

आतां दुष्काळाचा क्रम पाहावा. खरीप बुडाल्यावर घरांतील कणगी माघ-फाल्गुनांत रिती होते, चैत्रांत शेतावरील मजुरी आटते, वैशाखांत विहिरी तळ गांठतात. आणि त्याच सुमारास शाळेस कुलूप लागतें. घरीं अन्न सर्वांत कमी, तेव्हांच शाळेंतील जेवण बंद.

ही विसंगति सर्वोच्च न्यायालयाच्या नजरेस आली होती. २० एप्रिल २००४ रोजीं न्यायालयानें दुष्काळी भागांत उन्हाळ्याच्या सुटींतहि जेवण चालू ठेवण्याचा हुकूम केला. पुढें स्वराज अभियानाच्या दाव्यांत, ज्यांत महाराष्ट्राचाहि समावेश होता, १३ मे २०१६ रोजीं तोच हुकूम पुन्हां करावा लागला; शिवाय आठवड्यांतून निदान तीन दिवस अंडें, दूध किंवा तसाच पौष्टिक पदार्थ द्यावा असें ठरलें. तथापि निकाल आला तेव्हां मे महिना जवळजवळ निम्मा सरला होता. हुकूम लवकर झाला तरी त्याचा लाभ दुष्काळग्रस्त ठरलेल्या भागासच. ज्या गांवाचें नांव यादींत नाहीं, तेथील मुलास तो नाहीं.

इ. स. २०२० च्या मार्चमध्यें महामारीमुळें देशभर शाळा बंद झाल्या. १८ मार्च रोजीं न्यायालयानें आपण होऊन राज्यांस नोटिसा काढल्या, व दोन दिवसांनीं केंद्र सरकारनें शिजविलेलें अन्न अथवा धान्य व स्वयंपाकखर्च यांचा अन्नसुरक्षा भत्ता द्यावा असें राज्यांस कळविलें. महाराष्ट्रांत तांदूळ व डाळी पालकांच्या हातीं देण्यांत आल्या. २०२१ च्या मे महिन्यांत सुमारें ११.८ कोटि मुलांस दर मुलामागें अदमासें १०० रुपये एकवार देण्याचें ठरलें.

कांहींच न मिळण्यापेक्षां हें बरें, यांत शंका नाहीं. पण कोरडा शिधा म्हणजे जेवण नव्हे. लहान मुलाचे रोजचे १०० ग्रॅम धरले तर ४० दिवसांचे अवघे ४ किलो तांदूळ होतात. पांच माणसांच्या घरांत त्यांवर आठवडाहि निघत नाहीं. चौघे उपाशी असतां एकाच मुलास वाढणारी आई कोठें सांपडेल? तिला दोष देणें अन्यायाचें होईल. शाळेच्या पंगतींत वाढलेलें अन्न मात्र मुलाच्याच पोटांत जातें. म्हणून सुटींत शाळेची चूल पेटती ठेवणें हाच खरा उपाय होय.

ज्या गांवीं सरकारी हुकूम लागू आहे, तेथें तांदूळ सरकारकडूनच मागून घ्यावा, व वर्गणी डाळ, तेल, गूळ, शेंगदाणे, जळण, पाण्याचा टँकर आणि स्वयंपाकिणींची मजुरी यांसाठीं लावावी. यादीबाहेरील गांवीं तांदूळहि आपणांसच पुरवावा लागेल; तसेंच कायद्याच्या कक्षेंत न येणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांचें पानहि तेथेंच मांडावें. वर्गणी पाठवितांना ती कोणत्या गांवासाठीं व कोणत्या खर्चासाठीं आहे हें स्पष्ट लिहून द्यावें, आणि ती चैत्र संपण्यापूर्वीं पाठवावी.