मुंबई पाहू या

मंडळी, मुंबईशी नाते नाही असे घर आपल्या दोडामार्ग तालुक्यात सापडणे कठीण. कोणाचा मुलगा तिथे, कोणाचा भाऊ तिथे, कोणाची लेक तिथे दिलेली. गणपतीला चाकरमानी गावी येतात. मे महिन्यात कधीतरी आपणही तिकडे जातो. चार दिवस भावाच्या खोलीत राहतो, बाजार करतो आणि परत येतो. गावात कोणी विचारले तर म्हणतो, "मुंबय बघलंय." काय बघितलेत? तर, "गर्दी!"

आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा ह्या खेपेस मुंबई जरा निराळ्या रीतीने पाहू या.

माझ्या वडिलांच्या वेळी लोक आगबोटीने जात. वेंगुर्ल्याला बोटीत बसायचे आणि भाऊच्या धक्क्यावर उतरायचे. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली. आता सावंतवाडी रोड स्टेशनावर संध्याकाळी गाडीत बसले की सकाळी दादर येते.

दादरला सीएसएमटीकडे जाणारी धीमी लोकल पकडा. सकाळी नऊ-दहाच्या गर्दीत जाऊ नका. दारात उभे राहू नका. आत बसून स्टेशनांच्या पाट्या वाचत चला. परळ, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा. ह्या नावांत एकही जोडाक्षर नाही.

भायखळ्याला उतरा आणि पूर्वेच्या बाजूने बाहेर पडा. थोडे चाललात की राणीची बाग येते. पण पाटीवर 'राणीची बाग' शोधाल तर फसाल. तिचे आताचे नाव 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' असे आहे. बुधवारी ती बंद असते, हे ध्यानात ठेवा. आत वाघ आहे, पक्षी आहेत, जुनी मोठी झाडे आहेत. पेंग्विन नावाचे पक्षीही आहेत. ते मूळचे दक्षिण अमेरिकेच्या थंड किनाऱ्यावरचे. इथल्या उकाड्यात ते जगणार कसे? म्हणून त्यांना काचेच्या थंडगार दालनात ठेवले आहे. मुलांना तिथून हलवणे मोठे जड जाते.

बागेला लागूनच एक संग्रहालय आहे. माझ्या मते मुंबईत आपण पाहण्याची पहिली जागा हीच. त्याचे नाव 'डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय'. हे भाऊ दाजी कोण? आपल्या शेजारच्या पेडण्यातले, मांद्रे गावचे! गेल्या शतकाच्याही मागच्या शतकात ते मुंबईला गेले, शिकले आणि नामांकित डॉक्टर झाले. जुने शिलालेख वाचण्यातही त्यांचा हातखंडा होता. दगडावरची जी अक्षरे शेकडो वर्षे कोणाला लागत नव्हती, ती ते लावून वाचत. हे संग्रहालय उभे राहावे म्हणून त्यांनी फार खटपट केली. १८७२ साली ते लोकांसाठी खुले झाले. पूर्वी त्याला विलायतच्या राणीचे व तिच्या नवऱ्याचे नाव होते. १९७५ साली भाऊ दाजींचे नाव दिले. इमारत जुनी आहे, दुरुस्ती निघाली की बंद ठेवतात. म्हणून जाण्याआधी चौकशी करावी.

इथे बाहेर एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीज लोकांनी त्या बेटाला 'एलिफंटा' म्हणजे हत्तीचे बेट म्हटले. १८६४ साली इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचे ठरवले. उचलताना साखळी तुटली, हत्ती खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले. पुढे १९१४ साली ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला.

माझे वडील लालबागला राहत. गिरणीत साचेखात्यात होते. सुटीच्या दिवशी गाववाल्यांबरोबर चालत राणीच्या बागेत जात, वाघ-माकडे बघून परत येत. तीस वर्षे मुंबईत काढली, पण संग्रहालयाची पायरी कधी चढले नाहीत. मी एकदा कारण विचारले. म्हणाले, "थंय शिकलेली माणसां जातंत. आपला काय काम?" त्यांना अक्षरओळख नव्हती. १९८२ चा संप झाला आणि ते गावी आले ते आलेच. म्हातारपणी डॉक्टरला दाखवायला त्यांना मुंबईला नेले, तेव्हा एक दिवस काढून मी त्यांना इथे घेऊन आलो. हत्तीची हकीगत सांगितली. त्यांनी हत्तीच्या पायावर हात ठेवला आणि म्हणाले, "म्हंजे हेकाय आपलो गाव सोडून हंय येवचा लागला." मग आत गेलो. जुन्या मुंबईचे नमुने त्यांनी तासभर पाहिले. मी वाचीत होतो, ते ऐकत होते.

भायखळ्याहून पुन्हा लोकल पकडा. सँडहर्स्ट रोड हे नाव वाचताना जीभ अडखळेल. माझीही अडखळते. मग मशीद, आणि शेवटचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. ही इमारत बांधायला दहा वर्षे लागली. १८८८ साली ती पुरी झाली. तेव्हा तिला व्हिक्टोरिया राणीचे नाव होते, म्हणून जुने लोक अजून 'व्हीटी' म्हणतात. शिवाजी महाराजांचे नाव १९९६ साली दिले. आपण स्टेशनातून बाहेर पडतो ते पाठ फिरवून घाईने चालू लागतो. तसे करू नका. रस्ता ओलांडा आणि मागे वळून पाहा. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आहे, दुसरीकडे वाघ. सिंह म्हणजे विलायत, वाघ म्हणजे आपला देश. सांजवेळी दिवे लागले की ही इमारत फार सुंदर दिसते.

तिथून गेटवेकडे जाताना हुतात्मा चौक लागतो. हातात मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार तिथे उभे आहेत. मुंबईसह महाराष्ट्र मिळावा म्हणून शंभराहून जास्त माणसांनी प्राण दिले, त्यांचे हे स्मारक. इथे घटकाभर थांबावे.

गेटवे ऑफ इंडियावर अक्षरे आहेत, पण ती इंग्रजी. २ डिसेंबर १९११ रोजी विलायतचा राजा पाचवा जॉर्ज व राणी मेरी इथे उतरली, त्याची ती आठवण. गंमत अशी की राजा आला तेव्हा ही कमान नव्हतीच! ती पुरी झाली १९२४ साली. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण ह्याच कमानीखालून बोटीत बसून गेली. फोटो काढणारे मागे लागतील. भाव आधी ठरवा, मग उभे राहा.

घारापुरीच्या लाँच इथूनच सुटतात. जायला सुमारे तास लागतो. सोमवारी लेणी बंद असतात. पावसाळ्यात समुद्र खवळला तर लाँच सुटत नाहीत. २०२४ च्या डिसेंबरात ह्या वाटेवर लाँचला अपघात होऊन माणसे बुडाली. तेव्हा अंगात घालायचे तरंगते जाकीट दिले की ते घालाच, उकडले तरी घाला. वर पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघे दुखणाऱ्याने सावकाश चढावे. लेण्यातली तीन मुखांची शिवमूर्ती सुमारे वीस फूट उंच आहे. तिच्यासमोर गेल्यावर बोलणारी माणसेही आपोआप गप्प होतात.

काही लोक नटांच्या बंगल्याची भिंत बघायला वांद्र्याला जातात. जाणारे जावोत. मी गेलो होतो. भिंत पाहिली.

परतीच्या तिकिटावरची तारीख मात्र नीट वाचा. गाडी रात्री बारानंतर सुटणारी असली तर तारीख बदललेली असते. पाच तारखेचे तिकीट, म्हणजे चार तारखेला रात्री जेवून स्टेशनावर यायचे. मी हेडमास्तर असून एकदा हे चुकलो. पाच तारखेच्या रात्री ऐटीत आलो, तर गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली. मी आणि घरची मंडळी आंब्याच्या रिकाम्या पेटीवर बसून सकाळ होण्याची वाट पाहत राहिलो.