चूक मोजणीतली, डाग माणसावर नको



या अंकातला धडा हिशेबाचा आहे, पण सुरुवात एका गोष्टीने करते. गटाचं नाव सांगत नाही, गोष्ट आपल्या केळशीतलीच आहे. मासिक बैठक संपली, पेटीतले पैसे मोजले, तर वहीपेक्षा ९०० रुपये कमी. पुन्हा मोजले, तरी ९०० कमीच. कोणी काही बोललं नाही, पण सगळ्यांच्या नजरा कोषाध्यक्ष वहिनींकडे गेल्या. वहिनींनी दुसऱ्या दिवशी पदरचे ९०० आणून भरले आणि मग बैठकीला यायच्याच बंद झाल्या.

वर्षअखेरीला सगळ्यांची पासबुकं वहीशी लावून बघितली, तेव्हा खरं कळलं. एका ताईंनी तेवीसशेचा हप्ता भरला होता. त्यांच्या पासबुकात २,३०० होते, रोखवहीत मात्र ३,२००. पैसे कुठेच गेले नव्हते, आकडे उलटे पडले होते. गटाने वहिनींचे ९०० परत केले, वही दुरुस्त केली आणि इतिवृत्तात तसं लिहिलं. पण मधले महिने वहिनींनी जे सोसलं, ते कुठल्या रकान्यात लिहिणार?

म्हणून आज शिकायचं ते एवढंच: फरक आला की आधी चूक शोधायची, माणूस नाही.

चुका होतात कशा?

आकडे उलटे पडणं. आपण मराठीत "तेवीस" म्हणतो तेव्हा आधी तीन ऐकू येतो, मग वीस. घाईत लिहिणारीचा हात आधी ३ कडे जातो आणि २३ चे ३२ होतात. पस्तीस-त्रेपन्न, सत्तावीस-बहात्तर यांचंही तसंच. यावर सोपा उपाय आहे. रक्कम लिहून झाली की एकेक आकडा मोठ्याने वाचायचा, "दोन, तीन, शून्य, शून्य", आणि पैसे भरणाऱ्या ताईने "बरोबर" म्हणायचं.

एकाचा फरक. भात मोजताना पहिल्या मापाला आपण "एक" न म्हणता "लाभ" म्हणतो, पुढचं माप "दोन". नवीन मुलगी मोजायला बसली की "लाभ, एक, दोन" म्हणते आणि एक माप हिशेबातून जातं. कुंपणाचंही तसंच आहे. शंभर फुटांवर दर दहा फुटांनी खांब लावायचा, तर खांब दहा नाही, अकरा लागतात. कर्जाच्या हप्त्यात तर ही चूक फार होते. जूनमध्ये कर्ज दिलं आणि पहिला हप्ता जुलैत असेल, तर दहावा हप्ता एप्रिलमध्ये येतो. जून धरून मोजलं की मार्चमध्येच "कर्ज फिटलं" असं वाटतं आणि मग वाद होतो.

सुटणं आणि दोनदा मोजणं. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आपण कोणी विसरलेलो नाही. वाड्यांमध्ये माडावर माड, पोफळीवर पोफळ पडलेली. पुढे शासनाने मदत झाडांच्या संख्येवर दिली, नारळाला झाडामागे २५० रुपये आणि सुपारीला ५०. म्हणजे एक माड मोजायचा राहिला की २५० रुपये गेले. अशा गुंत्यात शेंडे मोजू नयेत, बुंधे मोजावेत. मोजलेल्या बुंध्याला चुन्याचा ठिपका लावत जावं. ठिपका नसलेला बुंधा म्हणजे राहिलेलं झाड, आणि ठिपका असलेला पुन्हा मोजायचा नाही. नारळ मोजतानाही शंभर झाले की एक खडा बाजूला ठेवावा. डोक्यात शेकडे धरून ठेवले की कोणीतरी हाक मारतं आणि सगळं पहिल्यापासून.

"इतके असायलाच हवेत" हा विचार. वहीत ४,२०० आहेत हे आधी बघितलं की मोजणारीलाही ४,२०० च सापडतात. म्हणून आधी पेटी मोजायची, वही नंतर उघडायची.

पैसे मोजायची रीत

१. दोघींनी मोजायचं. मोजताना तिसरीने बोलायचं नाही, चहा नंतर.
२. नोटा किमतीप्रमाणे वेगळ्या करायच्या, नाण्यांच्या दहा-दहाच्या चळती लावायच्या.
३. दोघींनी आपापला आकडा न सांगता कागदावर लिहायचा, मग कागद जुळवायचे.
४. जुळले नाहीत तर दुसऱ्यांदा उलट्या बाजूने मोजायचं. त्याच हाताने त्याच क्रमाने मोजलं की तीच चूक परत होते.
५. मोजणी झाल्याशिवाय सही नाही. "नंतर बघू, सही करून ठेव" याला ठाम नाही म्हणायचं.

फरक आला तर?

फरकाचा आकडाच बहुतेक वेळा चुकीचा पत्ता सांगतो.

फरकाला ९ ने भाग जातो का बघा. जात असेल तर आकडे उलटे पडले असण्याचा संभव मोठा. ९०० ला ९ ने भाग जातो, वहिनींच्या बाबतीत हे तेव्हाच कळलं असतं. शून्य जास्त पडलं तरी असंच होतं. ५० चे ५०० झाले तर फरक ४५० येतो, त्यालाही ९ ने भाग जातो.

फरकाची निम्मी रक्कम वहीत सापडते का बघा. १२० चा खर्च चुकून जमेत लिहिला, तर फरक १२० चा न येता २४० चा येतो.

फरकाएवढीच एखादी नोंद आहे का बघा. असेल तर ती दोनदा लिहिली गेली असेल. वहीत नसेल, तर पासबुकं आणि पावत्या चाळा, एखादी नोंद राहिलेली असेल.

एवढं करूनही सापडलं नाही तर फरक तसाच इतिवृत्तात लिहा, तारीख घाला आणि पुढच्या बैठकीचा पहिला विषय करा. कोणाच्याही पदरातून तो गुपचूप भरू नका. पैसे भरले की शोध थांबतो आणि चूक वहीत तशीच राहते. खाडाखोडही नको. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि दोघींच्या सह्या.

आपल्या किनाऱ्यावर कासवाची अंडी हॅचरीत ठेवताना मोजून तारखेसह नोंद करतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. पिल्लं समुद्रात सोडली की बाहेर आलेली पिल्लं आणि न उबलेली अंडी मिळून पहिल्या आकड्याशी ताळा होतो. ताळा म्हणजे अविश्वास नव्हे, कामाचाच तो भाग आहे. देशाच्या जनगणनेचीही अशी फेरतपासणी होते. २०११ च्या जनगणनेत हजारी २३ माणसं मोजणीतून सुटली, हे सरकारच्याच तपासणीत निघालं आणि ते जाहीरही केलं. एवढ्या मोठ्या कामात चूक निघते, तर आपल्या पेटीत निघाली म्हणून मान खाली घालायचं कारण नाही.

पुढच्या बैठकीत सोडवा

१. वहीत ४,३६० आणि पेटीत ४,०९०. चूक कोणत्या जातीची असेल?
२. पेटीत वहीपेक्षा ४०० जास्त आहेत. ४०० ची नोंद कुठेच नाही, २०० ची आहे. काय झालं असेल?
३. १२ तारखेपासून २५ तारखेपर्यंत दोन्ही दिवस धरून मजुरी द्यायची आहे. दिवस किती?

उत्तरं: १) फरक २७०, ९ ने भाग जातो. आकडे उलटे पडले किंवा शून्य वाढलं. जसं ३६० चे ६३०, किंवा ३० चे ३००. २) २०० ची जमा खर्चात लिहिली गेली. ३) १४ दिवस, १३ नव्हे.

आणि एक काम उत्तराशिवायचं. हिशेबाच्या फरकामुळे तुमच्या गटातली कोणी बैठकीला यायची थांबली असेल, तर तिच्या घरी जा. वही बरोबर न्या आणि तिच्याबरोबर बसून पुन्हा जुळवा.