सेवेचा आठवडा : चढ, उतार आणि भाकर

शास्त्रपाठ : १ राजे १८:४१ ते १९:२१, मार्क १:२१-३९

मुख्य विचार : दिवस चढाचा असो वा उताराचा, त्यावरून देवाची उपस्थिती व आपले पाचारण मोजू नये.



पाळकीय सेवेचा आठवडा रविवारी उगवतो. मंदिर भरलेले असते, गीते मनापासून गायिली जातात, उपासनेनंतर एखादा तरुण मागे थांबून प्रार्थनेची विनंती करतो. सोमवारी सकाळी दारात तक्रार उभी असते. मंगळवारी गृहभेटीस निघावे, तर तीन घरांपैकी दोन घरांना कुलूप. बुधवारच्या कॉटेज प्रार्थनेस सात माणसे. गुरुवारी पंचकमिटीची सभा छपराच्या दुरुस्तीवरून रात्री उशिरापर्यंत लांबते. शुक्रवारी पहाटे कोणी प्रभूमध्ये निजल्याचा निरोप येतो व सायंकाळी कबरस्थानात उभे राहावे लागते. शनिवारी त्याच मुखाने वधूवरांस आशीर्वाद द्यावयाचा. मग घर निजल्यावर उद्याच्या संदेशाचा कोरा कागद समोर येतो.

मोठ्या शहरातील जुन्या मंडळीत असो, की महाराष्ट्राबाहेर जेथे मराठी उपासनेस मोजकीच कुटुंबे जमतात तेथे असो, थोड्याफार फरकाने आठवडा हाच. त्याच्या अखेरीस पुष्कळ सेवकांच्या मनात एक प्रश्न डोकावतो : मला झालेले पाचारण खरे होते काय? काहींचा राजीनामा मनात लिहूनही झालेला असतो. म्हणून या प्रश्नाचा शास्त्राच्या प्रकाशात विचार करणे अगत्याचे आहे.

१. उतार विजयाच्या पाठोपाठ येऊ शकतो

कर्मेल डोंगरावर एलीयाने एकट्याने बआलाच्या साडेचारशे संदेष्ट्यांस तोंड दिले. स्वर्गातून अग्नी उतरला, दुष्काळानंतर पाऊस आला, आणि एलीया अहाबाच्या रथापुढे इज्रेलापर्यंत धावत गेला. त्याच्या सेवेतील हे शिखर होय. परंतु पुढचाच अध्याय उघडावा, तर ईजबेलीच्या एका निरोपाने तो जीव घेऊन पळत आहे. बैर-शेबा येथे त्याने आपल्या चाकरास ठेवले, एकटाच रानात एक दिवसाची वाट चालून गेला, आणि एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले.

रविवारचा अग्नी व सोमवारची राख यांत अंतर फार नसते. ज्याने आपले सर्व बळ ओतले, तोच रिता होतो. हा रितेपणा नेहमीच अविश्वासाचे लक्षण नसतो. पुष्कळदा तो खर्ची पडलेल्या शरीराचा व मनाचा थकवा असतो.

२. देवाचा उपचार साधा आहे

देवाने एलीयास तेथे काय दिले ते क्रमाने पाहा. प्रथम झोप. मग निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याची सुरई. पुन्हा झोप, पुन्हा भाकर. देवदूताने त्यास दोषही दिला नाही व उपदेशही केला नाही. वाट त्याच्या शक्तीबाहेरची आहे हे ओळखून खावयास सांगितले. होरेबाची चाळीस दिवसांची वाट तो त्या अन्नाच्या बळावर चालला.

होरेबास देवाने त्याला दोनदा एकच प्रश्न विचारला, आणि दोन्ही वेळा त्याचे गाऱ्हाणे शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग तीन गोष्टी दिल्या : पुढचे काम, अलीशाच्या रूपाने एक सोबती, आणि बआलापुढे गुडघा न टेकलेले सात हजार लोक इस्राएलात आहेत ही खात्री. एलीयाची मोजणी एकाची होती. देवाची सात हजारांची. उताराच्या दिवशी आपली मोजणी हमखास चुकते. बुधवारच्या सात माणसांवरून मंडळीचा विश्वास मोजणारा सेवक हीच चूक करतो.

३. चढही खरे मोजमाप नव्हे

आता दुसरा शास्त्रपाठ घेऊ. कफर्णहूमातील त्या शब्बाथ दिवशी प्रभूने सभास्थानात शिकविले, अशुद्ध आत्मा लागलेल्या मनुष्यास मुक्त केले, आणि तेथून शिमोनाच्या घरी जाऊन त्याच्या तापाने पडलेल्या सासूस बरे केले. सूर्यास्तानंतर सारे नगर दाराशी लोटले. कोणत्याही सेवकास हेवा वाटावा असा हा दिवस!

पण दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच प्रभू उठून एकांतात प्रार्थनेस गेला. शिष्य शोधीत आले. सर्व लोक त्याची वाट पाहत होते. ती मागणी मोठी होती, तरी प्रभूने पुढचे पाऊल तिच्यावरून ठरविले नाही. आपण कशासाठी आलो हे जाणून तो आसपासच्या गावी निघाला. लोकांच्या नकाराने जो खचू नये, त्याने त्यांच्या स्तुतीवरही जगू नये. दोहोंपासून सोडवणारी जागा एकच : पित्यासमोरील एकांत.

४. १८१२ सालचा एक आठवडा

विल्यम केरीचे नाव आपल्या वाचकांस परके नाही. मराठी व्याकरण (१८०५), मराठी कोश (१८१०) व मराठी नवा करार (१८११) ही त्याच्या परिश्रमांची फळे. आठवड्यातील काही दिवस तो कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत व मराठी शिकवी, आणि उरलेले दिवस सेरामपूरच्या सेवेस देई.

बुधवार, ११ मार्च १८१२ रोजी सायंकाळी सेरामपूरच्या छापखान्यास आग लागली. कागदाचा साठा, अनेक भाषांचे खिळे आणि वर्षानुवर्षे खपून सिद्ध केलेली हस्तलिखिते जळाली. त्यांत केरीच्या बहुभाषिक कोशाचेही लिखाण होते. दुसऱ्या दिवशी मार्शमनने कलकत्त्यास जाऊन ही वार्ता त्यास सांगितली. नंतरच्या रविवारी केरीने उपदेशासाठी स्तोत्र ४६ मधील दहावे वचन घेतले. आपल्याविषयी हवे ते ठरविण्याचा अधिकार देवाचा आहे आणि आपण तो मान्य करावा, असा त्या उपदेशाचा रोख होता.

दुसरीकडे, मुद्रणयंत्रे वेगळ्या खोलीत असल्याने वाचली होती, आणि राखेत वॉर्डला अक्षरांचे पोलादी ठसे शाबूत सापडले. वितळलेल्या धातूतून पुन्हा खिळे ओतण्याचे काम लवकरच सुरू झाले. बुधवारची राख व रविवारचे वचन यांमध्ये तीनच दिवस होते. केरीचे दुःख तेवढ्यात सरले, असे नव्हे. परंतु त्या दुःखाला पाचारणावर निकाल देण्याचा अधिकार त्याने दिला नाही.

५. भाकर कोणी आणावी?

रानात भाकर देवदूताने आणली. आज ती बहुधा मंडळीच्या हातून यावयाची असते. पाळकास आठवड्यातून एक दिवस खरी विश्रांती मिळते काय, हे पंचकमिटीने पाहावे. इथ्रोने मोशेस दिलेला सल्ला (निर्गम १८) आजही लागू आहे : भार वाटून घ्यावा. आजाऱ्यांची भेट, हिशेब, छपराची दुरुस्ती ही कामे वडीलजनांनी उचलावीत. पाळकीणबाईही त्याच आठवड्याच्या चढउतारातून जात असतात. त्यांची विचारपूस कोण करतो? कधीतरी सोमवारी सकाळी तक्रारीऐवजी एखाद्याने आभार मानण्यासाठी दार ठोठवावे. एवढ्यानेही एखादा राजीनामा लिहावयाचा राहील.

आणि सेवक बंधुभगिनींनो, थकलेल्या सायंकाळी आपल्या पाचारणाचा निर्णय करू नका. आधी जेवा, निजा, विश्वासू सोबत्याजवळ मन मोकळे करा. मग देवाचा प्रश्न ऐका.

मननासाठी प्रश्न

१. गेल्या आठवड्यातील चढाच्या व उताराच्या प्रसंगी आपण देवाविषयी काय अनुमान काढले?

२. एलीयाने चाकरास मागे ठेवले. आपण कोणास दूर ठेवले आहे?

३. आपल्या मंडळीतील सेवकासाठी या आठवड्यात आपण कोणती ‘भाकर’ नेऊ शकतो?

प्रार्थना : हे प्रभो, शिखरावर आम्हांस नम्र ठेव आणि झुडपाखाली आम्हांस शोध. तुझ्या सेवकांस विश्रांती, सोबत व पुढचे पाऊल दे. तुझ्या मंडळीचे हात त्यांच्यासाठी उघड. ख्रिस्त येशूच्या नावाने मागतो. आमेन.