एक नाव आणि हजारो क्रमांक
(इयत्ता ६ वी व ७ वी : इतिहासाच्या पाठास पूरक)

पहिल्या महायुद्धाचा (१९१४–१९१८) पाठ बहुधा राष्ट्रांची नावे व तहाची कलमे यांतच संपतो. त्या युद्धासाठी दहा लाखांहून अधिक हिंदी लोक समुद्रापार गेले आणि ७४ हजारांवर प्राणांस मुकले, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसत नाही. संख्या मोठी झाली की तिच्यातील माणूस दिसेनासा होतो. म्हणून पाठाचा आरंभ एका माणसापासून करावा.

श्रीकृष्ण वेलिंकर हे मुंबईचे. केंब्रिज विद्यापीठाच्या जीझस कॉलेजात ते शिकले व पुढे वैमानिक झाले. त्या युद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढलेले हिंदी वैमानिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. ऑक्सफर्डचे हरदितसिंग मलिक त्यांपैकीच; ते सुखरूप परतले. वेलिंकर मात्र परतले नाहीत. जून १९१८ मध्ये फ्रान्समधील आघाडीवर त्यांचे विमान पडले आणि ३० जून रोजी जर्मनांच्या ताब्यात असताना त्यांचा अंत झाला. शत्रूने त्यांचे दफन केले. परंतु खुणेवरील नाव चुकीचे लिहिले गेले. युद्धानंतर कुटुंबाच्या वतीने पत्रव्यवहार झाला, शोध लागला, आणि आज हँगार्ड येथील दफनभूमीत त्यांच्या शिळेवर त्यांचे खरे नाव आहे.

आता दुसरी बाजू पाहावी. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मराठा पलटणी लढल्या. कूत येथे वेढ्यात उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी त्या सैन्यास शरण जावे लागले. त्या आघाडीवरील मृतांसाठी बसरा येथे स्मारक उभारले गेले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची व हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीखाली केवळ संख्या दिली गेली. हा भेद अन्यायाचा होता, हे युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल संस्थेच्या समितीने एप्रिल २०२१ च्या अहवालात मान्य केले.

विद्यार्थ्यांस येथे प्रश्न विचारावा : दोघांनीही प्राण दिले, मग एकाचेच नाव का राहिले? उत्तर त्यांच्याकडूनच काढून घ्यावे. हुद्दा हे एक कारण होय. पण वेलिंकरांच्या मागे पत्र लिहू शकणारी, दाद मागू शकणारी माणसे होती. खेड्यातील शिपायाच्या घरी आलेला कागद वाचण्यासही बहुधा कोणी नव्हते, हेही कारण तितकेच खरे.

गोरेगावसारख्या गावी पाठ घेताना परिसराचा आधार घ्यावा. हा मुलूख तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. हिंगोली येथे १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, आणि १९१८ मध्ये ब्रिटिशांच्या ११० क्रमांकाच्या विमान तुकडीस निजामाने विमानांसाठी पैसा पुरविला. नकाशावर हिंगोली, मुंबई, केंब्रिज, हँगार्ड व बसरा ही स्थळे दाखवावीत.

स्वाध्याय म्हणून प्रत्येक मुलाने आपले, आईचे व आजोबांचे पूर्ण नाव शुद्ध लिहून आणावे. शिक्षकाने ते जनरल रजिस्टरातील नोंदीशी ताडून पाहावे व चूक आढळल्यास नियमानुसार दुरुस्तीची व्यवस्था करावी. माणसाचे नाव प्रथम जेथे कागदावर चढते, ती जागा पुष्कळदा शाळाच असते.