शिक्षा संपल्यावर पुढें काय?

गुन्हेगारास शिक्षा झालीच पाहिजे, याविषयीं दुमत नाहीं. ज्याचें घर फोडलें गेलें किंवा ज्याच्या अंगावर घाव पडला, त्यास न्याय मिळाला नाहीं, तर राज्यव्यवस्थेचा उपयोग तो काय? परंतु शिक्षा सुनावली कीं न्यायाचें काम संपलें, ही सर्वसामान्य समजूत मात्र तपासून पाहण्याजोगी आहे. तुरुंगांत गेलेले बहुतेक लोक कांहीं काळानें बाहेर येतात. ते कोठें येतात? आपल्याच गांवांत, आपल्याच आळींत. तेव्हां तुरुंग माणसाला कसें घडवून परत पाठवितो, हा प्रश्न केवळ सरकारचा नसून आपणां सर्वांचा आहे. या प्रश्नाचा जगानें कसकसा विचार केला, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

इटलींतील विद्वान चेझारे बेक्कारिया यांनीं १७६४ सालीं गुन्हे व शिक्षा यांविषयीं एक लहानसा ग्रंथ लिहिला. शिक्षा किती क्रूर आहे यापेक्षां ती किती निश्चित आहे, यावर तिचा धाक अवलंबून असतो, असें त्यांनीं प्रतिपादन केलें व देहान्त शासनास विरोध केला. पुढें १७७३ सालीं जॉन हॉवर्ड हे इंग्लंडांतील बेडफर्ड परगण्याचे शेरीफ झाले. तुरुंगांची पाहणी करितांना त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. न्यायालयानें निर्दोष ठरविलेलीं माणसेंही तेथें अडकून पडलीं होतीं. तुरुंगाधिकाऱ्यास पगार नसे. तो बंदिवानांकडून फी घेऊन आपलें पोट भरी, आणि ती फी देण्यास या गरिबांजवळ पैसा नव्हता! हॉवर्ड यांनीं परगण्यामागून परगणे पालथे घातले. सर्वत्र तोच प्रकार. त्यांची साक्ष ऐकून पार्लमेंटनें १७७४ सालीं सुधारणेचे कायदे केले. १७७७ सालीं त्यांनीं आपली पाहणी ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. १७९० सालीं, दूर खेर्सोन येथें, तापानें त्यांचा अंत झाला. एलिझाबेथ फ्राय या बाईंनीं १८१३ पासून लंडनच्या न्यूगेट तुरुंगांतील स्त्रियांची विचारपूस आरंभिली, आणि पुढें तेथील मुलांकरितां शाळा व स्त्रियांकरितां शिवणकाम सुरू केलें.

आतां आजच्या काळाकडे वळूं. स्वातंत्र्य हिरावून घेतलें हीच शिक्षा होय. तिच्यावर आणखी अपमानाची व हालांची भर घालण्याचें कारण नाहीं, असें तत्त्व नॉर्वे देशानें स्वीकारिलें आहे. ऑस्लोच्या खाडींतील बास्टॉय बेटावर बंदिवान शेती करितात, गुरें राखितात, लांकडें कापितात. त्या देशांत सुटकेनंतर दोन वर्षांच्या आंत पुन्हां शिक्षा होणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा सुमारे २० आहे. हें श्रेय एकट्या तुरुंगाचें नव्हे. देश लहान व संपन्न आहे, आणि प्रत्येक देशाची मोजण्याची रीतही निराळी असते. तथापि हा आंकडा विचार करावयास लावणारा आहे खास.

कोणी म्हणेल, असले प्रयोग श्रीमंत देशांनींच करावे. परंतु आपल्या महाराष्ट्रानें तो कित्येक वर्षें आधींच करून दाखविला आहे. १९३९ सालीं औंध संस्थानांत, राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयानें व मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनियराच्या प्रेरणेनें, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही वसाहत स्थापन झाली. ना उंच भिंती, ना पायांत बेड्या. बंदिवानांनीं जमीन कसावी व आपल्या कुटुंबासह तेथें राहावें, अशी योजना होती. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आंखें बारह हाथ’ हा बोलपट याच प्रयोगावरून सुचला. जयपूरनजीक सांगानेर येथेंही १९६३ पासून अशी वसाहत आहे. तेथील बंदिवान दिवसा बाहेर जाऊन पोट भरितात व सायंकाळीं हजेरीस परत येतात. ज्याच्यावर विश्वास टाकिला जातो, तो त्या विश्वासास जपावयास शिकतो, हेंच या प्रयोगांचें मर्म होय.

असें असतां हॉवर्ड यांना दिसलेलें दुःख अद्यापि सरलेलें नाहीं. २०२२ च्या अखेरीस भारतांतील तुरुंगांत ५,७३,२२० माणसें होतीं. त्यांपैकीं ४,३४,३०२, म्हणजे शेंकडा सुमारे ७६, अजून दोषी ठरलेलींच नव्हतीं. त्यांचे खटले चालावयाचे होते. कित्येकांना जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाहीं. १९७९ सालीं बिहारमधील अशा बंदिवानांच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, खटला त्वरित चालणें हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या संहितेप्रमाणें, पूर्वीं कधींही दोषी न ठरलेल्या मनुष्यानें त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा तिसरा हिस्सा कैदेंत काढिला असल्यास त्याला जातमुचलक्यावर सोडावयाचें आहे. फांशी वा जन्मठेपेचे गुन्हे, तसेंच ज्याच्यावर एकाहून अधिक खटले आहेत असा मनुष्य, यांना ही सवलत नाहीं.

बंदिवानाशीं माणुसकीनें वागणें हा ज्याचें नुकसान झालें त्याच्यावर अन्याय नव्हे काय, असा आक्षेप घेतला जातो. आमचें उत्तर असें: सुधारून परतलेला मनुष्य दुसरें घर फोडीत नाहीं, म्हणजे त्या दुसऱ्या घराचेंही रक्षण झालें. दया व सुरक्षितता यांचा येथें विरोध नसून मेळच आहे.

विद्यार्थिमित्रहो, कायदे करणें आज तुमच्या हातीं नाहीं. परंतु कोणा बंदिवानाचा मुलगा तुमच्याच बाकावर बसत असेल. ‘चोराचा पोर’ या दोन शब्दांनीं त्याला जी शिक्षा होते, ती कोणत्याही न्यायाधीशानें दिलेली नसते व तिला मुदतही नसते. ती तुम्हीं देऊं नये. आणि पालकांस आमची विनंति इतकीच कीं, शिक्षा भोगून आलेला मनुष्य काम मागावयास दाराशीं आला, तर निदान त्याचें म्हणणें ऐकून घ्यावें. तुरुंगाचा दरवाजा सरकार उघडतें. गांवाचा दरवाजा उघडणें आपल्याच हातीं आहे.