रोटुंडाचा जीर्णोद्धार

अमेरिकेच्या दक्षिण भागातील व्हर्जिनिया राज्यात शार्लट्सव्हिल नावाचे नगर आहे. अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष टॉमस जेफरसन यांनी तेथे १८१९ साली एक विद्यापीठ स्थापन केले. त्या काळी विद्यापीठाच्या मध्यभागी बहुधा प्रार्थनामंदिर असे. जेफरसन यांनी मात्र तेथे ग्रंथालय बांधावयाचे ठरविले. रोममधील पँथिऑन या प्राचीन देवालयाच्या धर्तीवर त्यांनी घुमट असलेल्या वर्तुळाकार इमारतीचा आराखडा स्वतः तयार केला. हीच 'रोटुंडा' होय. तिचे काम १८२२ साली सुरू झाले. परंतु ते पुरे होण्यापूर्वीच, जुलै १८२६ मध्ये, जेफरसन निवर्तले.

२७ ऑक्टोबर १८९५ रोजी रोटुंडाला मागाहून जोडलेल्या इमारतीस आग लागली. मधला दुवा सुरुंगाने उडवून आग थोपविण्याचा प्रयत्न झाला, पण तो निष्फळ ठरला. तेव्हा विद्यार्थी आत धावले. हाती लागतील तेवढे ग्रंथ त्यांनी बाहेर काढले. जेफरसन यांचा जड संगमरवरी पुतळादेखील त्यांनी वाचविला. आग विझली तेव्हा रोटुंडाच्या भिंती तेवढ्या उरल्या होत्या.

पुढे स्टॅनफर्ड व्हाइट या वास्तुविशारदाने ती पुन्हा उभारली. परंतु वरचे दोन मजले एक करून त्याने तेथे एकच भव्य दालन केले. १९७३ ते १९७६ या काळात ही रचना काढून मूळ आराखड्याप्रमाणे दालने बांधण्यात आली. २०१२ ते २०१६ या काळात घुमटावर तांब्याचा नवा पत्रा बसविला गेला. त्याच वेळी एका भिंतीआड विटांची जुनी भट्टी सापडली. पूर्वी रसायनशास्त्राचे विद्यार्थी तेथे प्रयोग करीत. ती भिंतीत बंद झाली होती, म्हणूनच आगीतून बचावली.

भट्टीप्रमाणेच आणखी एक गोष्ट दीर्घकाळ दृष्टीआड राहिली होती. सर्व माणसे समान आहेत, असे लिहिणारे जेफरसन स्वतः गुलाम बाळगीत. या विद्यापीठाच्या विटा गुलामांनी भाजल्या, ओझी त्यांनीच वाहिली. त्यांच्या स्मरणार्थ २०२० साली रोटुंडाजवळ एक वर्तुळाकार दगडी स्मारक उभारण्यात आले. ज्यांची नावे ठाऊक आहेत, त्यांची नावे त्यावर कोरली आहेत. ज्यांची नावे काळाच्या ओघात हरपली, त्यांच्यासाठी दगडात केवळ एकेक रेघ आहे. घुमट आणि स्तंभ पूर्ववत झाले, तरी या रेघांवाचून रोटुंडाचा जीर्णोद्धार अपुराच राहिला असता.