धर्म बदलला म्हणजे पैसा येतो काय?

"अमक्या जातीच्या रक्तातच व्यापार असतो," असे आपण सर्रास ऐकतो. नवदीक्षित बांधवांनी हे वाक्य नीट तपासावे. "तुमच्या रक्तात तो नाही," हाच त्याचा दुसरा अर्थ.

माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०४-०५ साली एक प्रबंध लिहिला. युरोपात भांडवलशाही वृत्ती वाढण्यास प्रॉटेस्टंट पंथाची, विशेषतः कॅल्व्हिनच्या अनुयायांची शिकवण कारणीभूत झाली, असे त्याचे म्हणणे. रोजचे काम हीच ईश्वरसेवा. आळस पाप, चैनही पाप. माणूस कमावतो पण उधळत नाही, आणि उरलेला पैसा पुन्हा धंद्यात जातो. त्यातूनच भांडवल उभे राहते.

विचार मोठा, पण अपुरा. लूथरचे बंड १५१७ चे. त्याआधीच फ्लॉरेन्स, व्हेनिस या कॅथॉलिक शहरांत पेढ्या आणि हुंड्या चालत होत्या. शिवाय युरोपच्या भांडवलात गुलामांचा घाम व वसाहतींची लूट आहे; ती काटकसरीच्या खात्यात कशी मांडणार?

साशा बेकर व लुडगर व्योसमान या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ साली एकोणिसाव्या शतकातील प्रशियाचे जिल्हावार आकडे तपासून दाखवले. प्रॉटेस्टंट जिल्हे अधिक सधन होते खरे, पण तेथे साक्षरताही अधिक होती, आणि सधनतेतला बहुतेक फरक या साक्षरतेनेच उलगडतो. प्रत्येकाने बायबल स्वतः वाचावे, त्यासाठी शाळा काढाव्या, मुलींसाठीही काढाव्या, असा लूथरचा आग्रह होता. धर्मग्रंथासाठी गिरवलेली अक्षरे पुढे हिशेबाला आणि करारनाम्याला कामी आली. श्रद्धेपेक्षा शाळेने अधिक काम केले, असे माझे मत.

काटकसरीची शिकवण आपल्याकडेही आहे, आणि ती लूथरच्या कितीतरी आधीची. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्ध गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करावयास सांगतात: एक उपभोगासाठी, दोन धंद्यासाठी, चौथा संकटकाळासाठी. दारू, जुगार, अवेळी भटकणे, तमाशांचा नाद, वाईट संगत व आळस ही धननाशाची सहा दारे.

पण दोन भाग धंद्यात घालावयाचे, तर धंदा निवडण्याची मोकळीक हवी. 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या १९३६ च्या, न होऊ शकलेल्या भाषणात बाबासाहेबांनी नेमके येथेच बोट ठेवले. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. एक धंदा बुडाला तरी माणसाला दुसऱ्यात शिरू दिले जात नाही, आणि म्हणून देशातील बऱ्याच बेकारीचे ती थेट कारण ठरते, असे त्यांनी तेथे दाखवून दिले.